कॅल्शियमच्या गोळीने तांबड्या पेशी कडक होतात का?

‘कॅल्शियम घेतलं की रक्तपेशी कडक होतात’ हा समज फार वर्षं फिरतोय. सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांच्या आया त्याच धास्तीने दूधही बंद करतात. हे थांबायला हवं.

समजाच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. तांबड्या पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम वाढलं, तर ती खरोखरच ताठरते. आवरणातली एक वाहिनी उघडते, पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामागोमाग पाणी जातं. पेशी आक्रसते, आतलं हिमोग्लोबिन दाटतं. कॅल्शियममुळे होणारी ही पोटॅशियमची गळती हंगेरीचे शास्त्रज्ञ गार्डोश यांनी 1958 मध्ये दाखवली.

पण आतलं कॅल्शियम ताटातल्या कॅल्शियमवर ठरत नाही. रक्तद्रवाच्या मानाने पेशीत ते दहा हजारपटींहूनही कमी असतं, कारण आवरणातले पंप एटीपी (पेशीतलं ऊर्जा पुरवणारं रसायन) खर्चून ते सतत बाहेर फेकतात. रक्तातली पातळीही शरीर संप्रेरकांनी आवरून धरतं. म्हणूनच निरोगी पेशी लवचीक राहते आणि सात-आठ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असूनही प्लीहेतल्या जेमतेम एका मायक्रॉनच्या फटीतून अंग चोरून निसटते.

सिकलसेलमध्ये बिघाड पेशीतच असतो. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचे दांडे बनतात, आवरण गळकं होतं आणि कॅल्शियम आत शिरतं. विदर्भात, नंदुरबारकडे हा आजार घरोघरी ठाऊक आहे. तिथे तर हे नीट सांगायलाच हवं. त्या मुलांचं दूध तोडू नका, पाणी भरपूर पाजा. गोळी किती, कधी, हे डॉक्टरांना विचारा.