भिंतीतली तार कोणाची?

छोट्या महाविद्यालयात इमारत सांभाळणारे एक खाते आणि संगणक सांभाळणारे दुसरे, ही विभागणी कोणी विचार करून आखलेली नाही. ती तारांमुळे पडली. कोणती तार कोणी ओढली, त्यावरून कोणत्या खोलीची किल्ली कोणाकडे हे ठरत गेले.

सुरुवातीच्या मोठ्या संगणकांच्या काळात वाद नव्हता. संगणक म्हणजे एक खोली. तिला वीज आणि गारवा पुरवणे हे इमारत विभागाचे काम. १९६४ मध्ये एका महाविद्यालयात टाइम-शेअरिंग सुरू झाले आणि दूरच्या टर्मिनलवरून (कळफलक असलेल्या यंत्रावरून) एकच संगणक अनेकांना वापरता येऊ लागला. पण ही टर्मिनले चालत टेलिफोनच्या तारांवर. संगणकवाल्यांची स्वतःची म्हणावी अशी एकही तार आवारात नव्हती.

ती १९८० च्या दशकात आली, कोअ‍ॅक्शियल केबलच्या, म्हणजे टीव्हीच्या केबलसारख्या गोल तारेच्या, रूपाने. बारीक जातीची ही केबल एका तुकड्यात १८५ मीटरपर्यंत जाई, एका यंत्राकडून दुसऱ्याकडे माळेसारखी. दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे तारेचे टोक बंद करणारी टोपणे, लागत. रोध मोजणारे मीटर लावल्यावर २५ ओहम दिसले की सगळे ठीक. ५० दिसले की एक टोक सुटलेले आणि अख्खी रांग बंद. टेबल सरकवताना हे सर्रास होई. दुरुस्तीला जाई तो बहुधा भौतिकशास्त्राचा किंवा गणिताचा हौशी शिक्षक. इमारत विभागाला या तारेचा पत्ताही नसे, आणि त्याचे कोणाला वाईटही वाटत नसे.

खरा पेच १९९० नंतरचा. त्या वर्षी टेलिफोनसारख्या पीळदार जोडतारेवर इथरनेट, म्हणजे संगणक एकमेकांना जोडण्याची पद्धत, चालवण्याचे मानक आले. १९९१ मध्ये इमारतींतल्या तारजोडणीचेही मानक झाले. माळ संपली, प्रत्येक खोलीतून स्वतंत्र केबल एका ठिकाणी येऊ लागली, आणि भिंतीतल्या त्या केबलला ९० मीटरची मर्यादा होती. म्हणजे जवळपास दर मजल्यावर एक छोटी खोली हवी. जुन्या इमारतींच्या नकाशात अशी खोली नव्हतीच. मग मिळेल ती जागा घेतली गेली: जिन्याखालचे कपाट, सफाईची खोली, टेलिफोनच्या जोडण्यांचा कोनाडा.

या खोलीने जितके पत्रव्यवहार घडवले तितके प्रयोगशाळांनीही घडवले नसतील. सगळ्या केबली जिथे जुळत त्या ‘स्विच’ नावाच्या खोक्याच्या खाली पोछ्याची बादली, वर पाण्याचा नळ. सफाई कर्मचाऱ्यांचे म्हणणे, खोली आमची, हे खोके नंतर आले. संगणकवाल्यांचे म्हणणे, कुलूप बदला. कुलूप बदलले की आग-तपासणीला आलेल्या माणसाला आत जाता येत नसे. वीजबचत म्हणून शुक्रवारी संध्याकाळी वातानुकूलन बंद व्हायचे आणि सोमवारी सकाळी अर्धा मजला नेटवर्कविना. संगणक-खोल्यांसाठी २० ते २५ अंश सेल्सिअसची शिफारस २००४ मध्ये आली आणि २००८ मध्ये ती १८ ते २७ अशी सैल झाली. पण कपाटात तापमापकच नसल्यावर शिफारशीचा उपयोग काय?

शब्दानेही गोंधळ वाढवला. ‘फॅसिलिटीज’ला आपण सुविधा म्हणतो आणि ‘इन्फ्रास्ट्रक्चर’ला पायाभूत सुविधा. त्यामुळे अंदाजपत्रकात ‘पायाभूत सुविधा’ हे एकच शीर्ष असले की गच्चीची गळती आणि जुने स्विच एकाच रकमेवर हक्क सांगतात. गळती डोळ्यांना दिसते, म्हणून बहुतेकदा तीच जिंकते. त्यात आयुष्याचा हिशेब वेगळा: इमारत काही पिढ्या टिकते, केबल दोन-एक दशके रेटता येते, स्विचला मात्र सात-आठ वर्षांत उत्पादकाचा आधार संपतो. जे इतक्या लवकर बदलावे लागते त्याला पाया म्हणावे का, हा प्रश्न हिशेबनीसांनी विचारला आणि तो रास्त होता.

यातून पुढे आला सर्वांत वादग्रस्त निर्णय: दोन्ही खाती एका प्रमुखाखाली आणणे. समर्थकांचा मुद्दा खोटा नव्हता. इमारत नूतनीकरणाची निविदा निघते तेव्हा केबलचे पाइप आठवत नाहीत आणि रंग सुकल्यावर भिंत पुन्हा फोडावी लागते. एकच माणूस दोन्ही नकाशे पाहील तर हे टळेल. पण अनेक ठिकाणी एकत्रीकरणाचा मुहूर्त नेमका एखादे पद रिकामे झाल्यावरच सापडला, हेही नोंदवायला हवे. नवा प्रमुख बांधकामातला असेल तर सर्व्हरच्या बॅकअपची चाचणी मागे पडे. संगणकातला असेल तर बॉयलरची. आणि तक्रारीला कामाचा क्रमांक देणारी यंत्रणा एक झाली, तरी तुंबलेली मोरी आणि विसरलेला पासवर्ड यांना एकच निकड लावणे कधीच जमले नाही.

तंत्रज्ञानाने मात्र या वादाची वाट पाहिली नाही. बिनतारी जाळ्याचे (वाय-फायचे) सेकंदाला ११ मेगाबिटचे मानक १९९९ चे. आता भिंती फोडणे संपले, असे तेव्हा वाटले. उलट झाले: प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटला, म्हणजे बिनतारी संदेश देणाऱ्या खोक्याला, छतापर्यंत केबल हवी आणि शिडी-ड्रिल इमारत विभागाकडे. त्याच केबलमधून वीज देण्याचे मानक २००३ मध्ये आले, तेव्हा मर्यादा १५.४ वॅट, २००९ मध्ये ३० आणि २०१८ मध्ये ९० वॅटपर्यंत. कॅमेरे, दारांची कुलुपे, दिवेसुद्धा स्विचवर आले. दिवा गेला तर इलेक्ट्रिशियनला बोलवायचे की नेटवर्कवाल्याला?

वातानुकूलन आणि बॉयलर यांच्या नियंत्रकांना एक सामाईक भाषा १९९५ च्या मानकाने दिली, पण ती रचताना बाहेरचा चोर कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. २०१३ च्या अखेरीस एका मोठ्या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली आणि चोर वातानुकूलनाच्या कंत्राटदाराच्या लॉगिनने आत शिरल्याचे उघड झाले. त्यानंतर बॉयलरचे नियंत्रक वेगळ्या जाळ्यात टाकण्याचा आग्रह वाढला. २०२० मध्ये तर कोविडमुळे वर्गांतली हवा खेळती ठेवणे आणि वर्गांबाहेरचे, ऑनलाइन वर्ग चालवणे ही दोन्ही कामे एकाच आठवड्यात अंगावर आली.

सध्याचा वाद लिफ्टमधल्या आपत्कालीन फोनचा आहे. तो वर्षानुवर्षे तांब्याच्या जुन्या टेलिफोन-जोडणीवर चाले, आणि ती जोडणी वीज गेली तरी जिवंत राही. आता ठिकठिकाणी तांब्याच्या जोडण्या बंद होत आहेत. फोन नेटवर्कवर आणला तर वीज जाताच तो जिन्याखालच्या कपाटातल्या बॅटरीवर अवलंबून, आणि ती बॅटरी कोणत्या खात्याने बदलायची हे अजून कुठल्याच फायलीत लिहिलेले नाही.