जुन्या पिकअपचे इंजिन घरी बांधताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील आमच्या वर्कशॉपमध्ये ब्लॉकचे बोअरिंग (सिलिंडर कापून मोठा करणे) व होनिंग (त्याची भिंत दगडाने घासणे), क्रँक ग्राइंडिंग आणि हेडची सर्व कामे केली जातात. स्वतःची जुनी पिकअप अंगणात किंवा शेतावरच्या शेडमध्ये उभी करून, इंजिन स्वतः उतरवून, केवळ यंत्रावरची कामे आमच्याकडे देणारे ग्राहक आता बरेच आहेत. त्यांच्या हौसेचा आम्हाला आदर आहे आणि त्यांचे पैसे व श्रम वाया जाऊ नयेत ही आमची इच्छा आहे. म्हणून हे पत्रक आपण पहिला बोल्ट सैल करण्यापूर्वी वाचावे. त्यातील सर्वांत महत्त्वाची विनंती प्रारंभीच नोंदवतो : ब्लॉक आणि क्रँक यांची मापे घेतली जाईपर्यंत पिस्टन, रिंगा, लायनर (सिलिंडरमधील बदलता येणारी नळी) आणि बेअरिंग यांपैकी काहीही विकत घेऊ नये.

आमच्याकडे येणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये प्रामुख्याने दोन इंजिने आढळतात. महिंद्राचे 2523 सीसीचे डीआय (डिझेल थेट सिलिंडरात फवारणारे) इंजिन हे पहिले. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 88.9 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 101.6 मिमी आहे, म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनांच्या घराण्याची ही खूण आहे. दुसरे त्याहून जुने, 2112 सीसीचे प्यूजो एक्सडीपी 4.90. त्याचा बोअर 90 मिमी आणि स्ट्रोक 83 मिमी असून डिझेल हेडमधील वेगळ्या कक्षात फवारले जाते, त्यामुळे थंड इंजिन सुरू करण्यासाठी हीटर प्लग लागतात. पुढील माहिती या दोन्ही इंजिनांना लागू पडते. मात्र क्लिअरन्स (भागांमधील फट) आणि टॉर्क (बोल्ट आवळण्याचा जोर) यांचे अंतिम आकडे आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलातूनच घ्यावेत.

खोलण्यापूर्वी

धूर दिसला म्हणजे इंजिन संपले, असे नसते. काळा धूर बहुतेक वेळा नोझल, पंप किंवा तुंबलेला एअर फिल्टर यांच्याकडे बोट दाखवतो, आणि ते काम इंजिन न उतरवता होते. निळा धूर तेल जळत असल्याचे सांगतो. परंतु ते तेल रिंगांवाटे वर येते की व्हॉल्व्ह गाइडवाटे खाली उतरते, हे पाहिले पाहिजे, कारण दुसऱ्या कारणासाठी केवळ हेड काढणे पुरते. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेट किंवा हेडमधील भेग यांचा संशय घ्यावा. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे आणि चालू इंजिनाच्या तेल भरण्याच्या झाकणातून किती जोराने वाफ येते ते पाहावे. या दोन तपासण्यांनंतरच इंजिन उतरवण्याचा निर्णय करावा.

उतरवण्यासाठी चेन ब्लॉक भक्कम लोखंडी घोडीवर टांगावा. घराच्या वाशाला किंवा पत्र्याच्या शेडच्या कैचीला इंजिन कधीही टांगू नये. अशा इंजिनाचे वजन दोनशे किलोहून अधिक भरते, आणि टांगलेल्या इंजिनाखाली हात किंवा पाय घालण्याचा प्रसंग येता कामा नये. क्लच आणि ब्रेक खोलताना आतली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक आहे.

हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असताना, कडेकडून मध्याकडे, टप्प्याटप्प्याने सैल करावेत. मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकवर बसवूनच कारखान्यात एका रेषेत बोअर केलेल्या असतात, म्हणून त्यांची जागा किंवा दिशा बदलली तर क्रँक आवळला जातो. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप हीदेखील जोडी आहे. या सर्वांवर क्रमांक आहेत की नाहीत ते पाहावे; नसल्यास रंगाने खुणा कराव्यात, छिन्नीने ठोकून नव्हे. व्हॉल्व्ह, पुशरॉड आणि रॉकर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवावेत. मोबाइलवर फोटो काढणे उपयोगी आहेच, पण बोल्ट ज्या भागाचे त्या भागाच्या नावाच्या पिशवीत ठेवल्याशिवाय पुढचा भाग खोलू नये.

मापे का आणि कशी

सिलिंडर सर्व बाजूंनी सारखा झिजत नाही. पिस्टन वर पोहोचून उलट फिरतो त्या ठिकाणी क्षणभर त्याची गती शून्य होते, तेलाचा थर पातळ होतो आणि त्याच वेळी ज्वलनाचा दाब वरच्या रिंगेला भिंतीवर दाबून धरतो. म्हणून सर्वांत जास्त झीज तेथे, वरच्या कडेच्या थोडे खाली होते आणि बोटाला जाणवणारी कंगोरी तयार होते. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असताना पिस्टन एका बाजूला रेटला जातो, त्यामुळे बोअर लंबगोल होतो. याच कारणासाठी आम्ही बोअर डायल गेजने प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी मोजतो. व्हर्निअर कॅलिपरने वरच्या तोंडाशी घेतलेले माप येथे निरुपयोगी ठरते, कारण तेथे रिंग पोहोचतच नाही आणि मूळ व्यास तसाच राहिलेला असतो.

चार सिलिंडरपैकी एक जरी मर्यादेबाहेर गेला असेल, तरी चारही एकाच साइजला नेले जातात. पिस्टन साधारणपणे दहा, वीस, तीस अशा थाऊंच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइजमध्ये, म्हणजे मूळ मापापेक्षा तितके मोठे, मिळतात. दहा थाऊ म्हणजे 0.25 मिमी. दहामध्ये खरचटा साफ निघेल असे वाटून पिस्टन आधी आणले, आणि बोअर करताना तो वीसपर्यंत खोल निघाला, तर आणलेला संच निकामी होतो आणि उघडलेले खोके दुकानदार परत घेत नाही. ज्या ब्लॉकला लायनर आहेत तेथे लायनर बदलून मूळ साइजला परतता येते. मात्र ओल्या (बाहेरून पाण्याला लागून असलेल्या) लायनरची कड ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किंचित, मिलिमीटरच्या काही शतांशांनी, वर राहावी लागते. ती उंची कमी पडली तर हेड गॅसकेट पुन्हापुन्हा जाते. त्यामुळे लायनर बदललेल्या ब्लॉकची ही उंची आम्ही प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र मोजून कागदावर लिहून देतो.

अंतिम बोअर हा प्रत्यक्ष पिस्टन हातात आल्यावरच करावा, असा आमचा नियम आहे. आपण मापाच्या चिठ्ठीप्रमाणे पिस्टन आणून द्यावेत. आम्ही प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्या-त्या सिलिंडरचे होनिंग पूर्ण करतो आणि पिस्टनवर सिलिंडरचा क्रमांक टाकतो. होनिंगमुळे भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा उमटतात. त्या रेषा तेल धरून ठेवतात आणि रिंगांना बसण्यासाठी आवश्यक अशी खरबरीत जागा देतात. आरशासारखी गुळगुळीत भिंत दिसायला सुंदर असली तरी तिच्यावर नव्या रिंगा बसत नाहीत.

क्रँकच्या बाबतीत ओव्हलपणा आणि ओरखडे याबरोबरच भेगांची तपासणी चुंबकीय पद्धतीने करून घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) कडेची गोलाई ही क्रँकची सर्वांत नाजूक जागा असते. ग्राइंडिंग करताना ती गोलाई राखली नाही तर तेथूनच भेग सुरू होते आणि क्रँक तुटतो. भेग आढळलेला क्रँक आम्ही ग्राइंड करून देत नाही. हेड पाण्याच्या दाबाखाली तपासल्याशिवाय त्याचे फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे) करणे व्यर्थ आहे, कारण भेग बहुधा दोन व्हॉल्व्हच्या सीटमधील अरुंद जागेत असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. फेसिंगनंतर व्हॉल्व्ह हेडच्या पृष्ठभागाच्या किती आत आहे तेही मोजावे लागते, कारण डिझेल इंजिनात पिस्टन आणि हेड यांच्यात अंतर फारच थोडे असते.

घरी नेल्यावर पहिले काम : धुणे

या टप्प्याविषयी आम्ही प्रत्येक ग्राहकाला तोंडीही सांगतो. होनिंगच्या दगडाचे कण बोअरच्या रेषांत अडकलेले असतात आणि डिझेल किंवा पेट्रोलने पुसल्याने ते निघत नाहीत, उलट आणखी आत बसतात. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ताठ ब्रश यांनी प्रत्येक बोअर घासून धुवावा, तेलाच्या सर्व वाहिन्या लांब ब्रशने साफ करून हवा मारावी, आणि ताबडतोब कोरडे करून बोअरला तेल लावावे. पावसाळ्यात उघड्या बिडावर पाहता पाहता गंज चढतो. तेल लावलेले पांढरे फडके बोअरमध्ये फिरवून करडे होत असेल, तर पुन्हा धुवावे. अ‍ॅल्युमिनियमचे भाग, पिस्टनसह, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात कधीही टाकू नयेत, कारण सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो.

जोडणी करताना प्रत्येक रिंग तिच्या सिलिंडरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून फीलर गेजने तिची फट मोजावी. सर्वसाधारण हिशोबाप्रमाणे दर इंच बोअरला तीन ते चार थाऊ, म्हणजे 88.9 मिमी बोअरला सुमारे 0.27 ते 0.36 मिमी, इतकी फट येते. फट कमी राहिली तर गरम झालेल्या रिंगेची टोके भिडतात आणि भिंत खरवडली जाते. हेडचे बोल्ट मध्यापासून कडेकडे, टॉर्क पान्याने, मॅन्युअलात दिलेल्या टप्प्यांनीच आवळावेत. हाताच्या अंदाजावर येथे विसंबू नये. पंप आणि नोझल कॅलिब्रेशन करणाऱ्याकडूनच तपासून घ्यावेत. चुकीच्या फवाऱ्यामुळे नव्या पिस्टनला भोक पडल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत.

चेसिस, पत्रा आणि कागदपत्रे

इंजिन बाहेर असतानाच चेसिस, कमानपाट्यांचे हँगर आणि केबिनचे माउंटिंग ठोकून पाहावे. कोकणात वापरलेल्या गाडीच्या चेसिसला आतून गंज असण्याची शक्यता अधिक. गंजावर पुट्टी लावणे म्हणजे तो झाकणे होय. पत्रा कापून नवा लावावा आणि मगच रेड ऑक्साइड मारावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. चेसिस क्रमांकावर ग्राइंडर किंवा जाड रंग फिरवू नये.

बोअरिंगने इंजिन क्रमांक बदलत नाही. मात्र दुसरा ब्लॉक किंवा दुसऱ्या प्रकारचे इंजिन बसवायचे असेल, तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरटीओची परवानगी आणि आरसी पुस्तकावर नोंद आवश्यक आहे. जुना ब्लॉक भंगारात घेताना त्याच्या मालकीचे कागद मागून घ्यावेत.

पहिल्यांदा सुरू करताना

पंपाचा स्टॉप लिव्हर ओढून ठेवून, तेलाचा दाब गेजवर दिसेपर्यंत स्टार्टर थोड्या थोड्या वेळासाठी फिरवावा. त्यानंतर डिझेल लाइनमधील हवा काढावी. हवेच्या नळीचे तोंड झाकेल एवढी जाड फळी हाताशी ठेवावी : पंपाची रॅक (डिझेलचे प्रमाण ठरवणारी पट्टी) अडकली तर डिझेल इंजिन चावी बंद करूनही थांबत नाही, वेग वाढवतच जाते, आणि तेव्हा त्याची हवा तोडणे हाच खात्रीचा उपाय असतो. तोंडावर तळहात मात्र ठेवू नये.

सुरू झालेले नवे इंजिन तासन् तास आयडलिंगवर ठेवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. आम्ही ती टाळण्याचा सल्ला देतो. दाबाविना रिंगा भिंतीवर बसत नाहीत, भिंतीला चकाकी येते आणि इंजिन कायमचे तेल पिऊ लागते. पाणी आणि तेल यांची गळती पाहून झाली की गाडी रस्त्यावर काढावी, वेग बदलता ठेवावा, मध्यम भार द्यावा आणि चढावर उंच गिअरमध्ये रेटू नये.

पाचशे किलोमीटरला तेल व फिल्टर बदलावेत. काढलेले तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, ते अधिकृत पुनर्वापर केंद्राला द्यावे. फिल्टर फेकण्यापूर्वी कापून त्याचा कागद उन्हात पसरून पाहावा : चुंबकाला चिकटणारा थोडा बारीक भुगा नव्या रिंगांचा असतो आणि तो स्वाभाविक आहे. पण चुंबकाला न चिकटणारे चकाकते तांबूस किंवा रुपेरी पापुद्रे दिसले, तर ते बेअरिंगचे असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी इंजिन पुन्हा सुरू न करता तो कागद जपून ठेवावा आणि मापांच्या चिठ्ठीसह आमच्याकडे आणावा.