लेपर्ड गेको : अंड्यांची उबवणी व पिल्लांचे संगोपन

यूब्लेफॅरिडी कुलातील यूब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस या पालीच्या अंड्यांची मानवी देखरेखीखाली केली जाणारी उबवणी आणि अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लांची पहिल्या काही आठवड्यांतील जोपासना. ही पाल पाकिस्तान, अफगाणिस्तान व त्यांना लागून असलेल्या कोरड्या, खडकाळ प्रदेशांत रानटी अवस्थेत आढळते. पूर्ण वाढलेली पाल साधारणतः २० ते २५ सेंमी. लांब असून पिवळसर अंगावरील काळ्या ठिपक्यांमुळे तिला इंग्रजीत बिबट्याचे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यूरोप-अमेरिकेत पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये तिने अग्रस्थान मिळविले. बंदिस्त अवस्थेत ती सहज प्रजनन करते, हे त्याचे मुख्य कारण होय.

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये केले. ते त्या वेळी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक होते आणि नमुना पंजाबातील सॉल्ट रेंज (आता पाकिस्तानात) या डोंगररांगेतला होता. यूब्लेफॅरिस हे प्रजातीचे नाव त्याआधी, १८२७ मध्ये, जॉन एडवर्ड ग्रे यांनी दिलेले असून त्यातील ग्रीक शब्दांचा अर्थ ‘चांगल्या पापण्यांची’ असा होतो. घरातल्या पालीला पापण्यांची उघडझाप करता येत नाही, हिला येते. उलट, भिंतीवर चढण्यास उपयोगी पडणाऱ्या पायाच्या बोटांवरील गाद्या हिला नसतात. त्यामुळे नुकतेच जन्मलेले पिल्लूसुद्धा काचेच्या गुळगुळीत भिंतीवर चढू शकत नाही, हा संगोपनाच्या दृष्टीने मोठा सोयीचा भाग आहे.

पाळीव साठा मूळचा नेमका कोणत्या भागातला, याविषयी एकमत नाही. मॅक्युलॅरियसच्या अनेक उपजाती रंग व खवल्यांच्या फरकांवरून वर्णिल्या गेल्या आहेत. मात्र निर्यात झालेल्या प्राण्यांच्या मूळ ठिकाणांच्या नोंदी क्वचितच ठेवल्या गेल्या आणि पुढे त्यांचा आपसांत मुक्त संकर झाला. त्यामुळे आजच्या पाळीव पालीला एखाद्या उपजातीचे नाव चिकटविण्यात फारसा अर्थ नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पश्चिम भारतातील फस्कस हा प्रकार प्रथम मॅक्युलॅरियसची उपजात म्हणूनच पुढे आला. बर्नर यांनी दिलेल्या या नावाचे वर्ष काही याद्यांत १९७४, तर काहींत १९८१ असे दिले जाते. आता ती स्वतंत्र जात मानली जाते. २०१४ मध्ये झीशान मिर्झा, राजेश सानप व सहकाऱ्यांनी सातपुड्यातून यूब्लेफॅरिस सातपुराएन्सिस ही आणखी एक जात वर्णिली.

तापमान व लिंगनिश्चिती : या विषयातील सर्वाधिक चर्चा झालेला भाग हाच. या पालीत नर-मादी ठरविणारी गुणसूत्रे नसतात. अंडे कोणत्या तापमानात उबते, त्यावर पिल्लाचे लिंग ठरते. तापमानाचा असा परिणाम सरपटणाऱ्या प्राण्यांत प्रथम मादलेन शार्निये यांनी १९६६ मध्ये आफ्रिकेतील अगामा अगामा या सरड्यात नोंदविला होता. लेपर्ड गेकोच्या बाबतीत सुरुवातीची समजूत अशी होती, की थंड उबवणीतून माद्या व उष्ण उबवणीतून नर मिळतात. ती अपुऱ्या तापमान-पट्ट्यावर आधारलेली होती. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिएट्स, डेव्हिड क्रूज व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने चित्र बदलले : सुमारे २६° से. तापमानात जवळपास सर्व पिल्ले माद्या निघतात, ३०° से.ला माद्या अधिक पण काही नर, ३२.५° से.च्या आसपास बहुसंख्य नर आणि ३४° से.च्या पुढे पुन्हा बहुतेक माद्या. म्हणजे नर मधल्या अरुंद पट्ट्यातच बहुसंख्येने मिळतात. जुन्या पुस्तिकांत अजूनही आढळणारे ‘गरम म्हणजे नर’ हे सूत्र म्हणून अर्धेच खरे आहे.

तापमानाचा हा परिणाम संपूर्ण उबवणीभर होत नाही. जे. जे. बुल यांच्या १९८७ मधील प्रयोगांनुसार तो विकासाच्या मधल्या टप्प्यात होतो आणि त्याबाबत ही पाल कासवे व मगरींशी जुळते. क्रूज यांच्या टेक्सस विद्यापीठातील गटाने पुढे असेही दाखविले, की एकाच लिंगाच्या, पण वेगवेगळ्या तापमानांत उबलेल्या प्राण्यांच्या वर्तनात फरक पडतो. नरबहुल तापमानातून निघालेल्या माद्या अधिक आक्रमक असतात. पेशीपातळीवरील यंत्रणेचा सर्वांत स्पष्ट पुरावा मात्र पालीतून नव्हे, लाल कानाच्या कासवातून मिळाला : २०१८ मध्ये त्यात केडीएम६बी या जनुकाची भूमिका सिद्ध झाली. पालीत यंत्रणा तंतोतंत तीच असेल, असे गृहीत धरणे घाईचे ठरेल.

अंडी व उबवणी : मादी एका वेळी सामान्यतः दोन अंडी घालते व एका हंगामात असे अनेक वेत होतात. अंड्याचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कडक नसून चामड्यासारखे लवचिक असते आणि उबवणीच्या काळात ते भोवतालचा ओलावा शोषून फुगते. याच कारणाने अंडी ओलसर व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट या ओलावा धरणाऱ्या हलक्या खनिज द्रव्यांत अर्धवट पुरून ठेवतात. व्हर्मिक्युलाइट व पाणी यांचे वजन सारखे घेण्याची पद्धत रूढ आहे. अंडे ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत ठेवणे आवश्यक असते आणि त्यासाठी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात. पक्ष्यांच्या अंड्यात बलकाला तोलून धरणारे दोरीसारखे बंध असतात, ते येथे नसतात. गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटून वाढतो आणि अंडे उलटल्यास दगावू शकतो. अंडी फिरवत राहण्याची कोंबडीपालनातली सवय येथे घातक ठरते, ती अशी. उबवणीस २६° से.ला दोन महिने किंवा अधिक, तर ३२° से.च्या आसपास साधारण सहा आठवडे लागतात.

अंड्यातून बाहेर येणे : शेवटच्या दिवसांत अंड्यावर पाण्याचे बारीक थेंब दिसू लागतात आणि फुगलेले कवच किंचित खचते. नवख्या पाळणाऱ्याला अंडे नासले असे वाटण्याचा हाच क्षण असतो, आणि जाणत्याला रात्रभर जागे ठेवणाराही हाच. गेको गटातील पिल्लांच्या वरच्या जबड्याच्या टोकाशी दोन अंडदंत असतात (इतर सरडे व सापांत तो एकच असतो). त्यांनी कवचाला चीर पडते व ते लवकरच गळून पडतात. चिरेतून नाकाचे टोक बाहेर आल्यावर पिल्लू तासन्‌तास तसेच पडून राहते. ही थकवा वा अडचणीची खूण नव्हे, त्या अवधीत उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. या वेळी कवच फाडून ‘सुटका’ करण्याचा मोह बहुतेकांना होतो. त्यात बलकाची पिशवी फुटण्याचा वा नाळेतून रक्तस्राव होण्याचा धोका असतो. दोन अंड्यांपैकी एक फुटले आणि दुसरे स्थिर राहिले, तरी दुसऱ्याला हात लावण्याचे कारण नसते.

पहिले आठवडे : नवजात पिल्लू सुमारे ८ सेंमी. लांब व अवघे दोन-तीन ग्रॅम वजनाचे असते. त्याच्या अंगावर ठिपके नसून गडद व पिवळे आडवे पट्टे असतात. वयाबरोबर पट्टे मोडून ठिपके होतात. हात लावताच ते पाय ताठ करून, तोंड उघडून किंचाळते. मोठ्या पालीत हा आविर्भाव क्वचितच दिसतो. पहिल्या एक-दोन दिवसांत पिल्लू कात टाकते व बहुधा ती खाऊनही टाकते. तोवर बलकावर त्याचे भागते, त्यामुळे तीन-चार दिवस अन्नाकडे पाठ फिरवणे स्वाभाविक समजावे. पुढे लहान रातकिडे किंवा झुरळांची पिल्ले रोज देतात. भक्ष्य पिल्लाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठे नसावे, हा व्यवहारातला सर्वमान्य निकष आहे. किड्यांना कॅल्शियम व ड-३ जीवनसत्त्वाची भुकटी लावणे अत्यावश्यक असते, अन्यथा हाडे मऊ पडून जबडा व पाय वाकतात.

पेटीच्या एका टोकाला जमीन ३०–३२° से. व दुसऱ्या टोकाला चार-पाच अंशांनी थंड ठेवतात, म्हणजे पिल्लू स्वतःच जागा निवडते. तळाला वाळूऐवजी साधा टिश्यू पेपर घालणे हितावह, कारण भक्ष्याबरोबर गिळलेली वाळू आतड्यात अडकते. एक ओलसर निवारा हवाच. तो नसल्यास बोटांवर कात अडकून रक्तपुरवठा तुटतो. पिल्ले शक्यतो वेगवेगळी ठेवतात, कारण ती एकमेकांच्या शेपट्यांना चावतात. तुटलेली शेपटी पुन्हा येते, पण आखूड व कांद्यासारखी. आणि चरबीचा साठा शेपटीतच असल्याने लहान वयात ही हानी जड जाते. शेपटी दुखापतीशिवाय बारीक होत गेल्यास क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची शंका घेऊन पशुवैद्याकडे जावे.

सरपटणारे प्राणी निरोगी दिसत असतानाही साल्मोनेला जंतू बाळगू शकतात, अमेरिकेत याच कारणाने १९७५ पासून ४ इंचांहून (सुमारे १० सेंमी.) लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. पिल्लू हाताळल्यावर साबणाने हात धुणे व पाच वर्षांखालील मुलांना दूर ठेवणे यांची शिफारस म्हणूनच केली जाते.

रंगभेदांसाठी केलेल्या निवडक पैदाशीतून तीन परस्परस्वतंत्र वर्णहीन वाण तयार झाले आहेत. त्यांपैकी दोन भिन्न वाणांच्या संकरातून पहिल्या पिढीत सामान्य रंगाची पिल्ले निघतात. ‘लेमन फ्रॉस्ट’ या वाणात त्वचेच्या रंगपेशींच्या गाठी होण्याचे प्रमाण मोठे असून २०२१ मधील जनुकीय संशोधनाने त्याचा संबंध स्पिंट१ या जनुकाशी जोडला. हा वाण पैदाशीसाठी न वापरणे इष्ट.

भारतातील स्थिती : वरील विवेचन बंदिस्त अवस्थेत पैदास झालेल्या प्राण्यांपुरते आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार घोरपड, तारांकित कासव यांसारखे देशी प्राणी पहिल्या अनुसूचीत असून ते किंवा त्यांची अंडी घरी बाळगणे गुन्हा ठरतो. महाराष्ट्र व गुजरातच्या कोरड्या टेकड्यांवर आढळणाऱ्या यूब्लेफॅरिस फस्कसची पट्टेदार पिल्ले निशाचर असल्याने क्वचितच नजरेस पडतात. पश्चिम व उत्तर भारतात ‘बिसकोब्रा’ या नावाने अनेक निरुपद्रवी पालींना व घोरपडीच्या पिल्लांना जहाल विषारी मानण्याची जुनी समजूत आहे आणि ही पालही तिच्यात सापडते. प्रत्यक्षात यूब्लेफॅरिडी कुलातील एकही जात विषारी नाही.