बान्यो आणि सेर्विसिओस: दार एक, शब्द दोन

स्पॅनिशच्या पहिल्याच आठवड्यात जी वाक्यं पाठ होतात त्यांत 'दोंदे एस्ता एल बान्यो?' हमखास असतं. बाथरूम कुठे आहे? पुढे तोच विद्यार्थी माद्रिदला उतरतो, स्टेशनात पाट्या वाचत हिंडतो आणि 'बान्यो' काही सापडत नाही. सापडतं ते 'आसेओस', नाहीतर 'सेर्विसिओस'. पोटात कळ आलेल्या माणसाने शब्दकोश उघडावा तरी कधी!

बान्यो म्हणजे मुळात आंघोळ. लॅटिनमधल्या 'बाल्नेउम'पासून आलेला शब्द. आंघोळीची खोली ती बान्यो, आणि त्याच खोलीत कमोडही आला म्हणून संडासही बान्योच. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चाळीत मोरी घरात आणि संडास गॅलरीच्या टोकाला, दोन वेगळ्या वस्तू होत्या. तरी आज 'जरा बाथरूमला जाऊन येतो' म्हणणारा टॉवेल घेऊन जात नाही. 'इर आल बान्यो', म्हणजे बान्योला जाणं, हे अगदी तसंच. स्पॅनिश डॉक्टरने 'बा ब्येन आल बान्यो?' विचारलं तर त्याला तुमच्या आंघोळीची चौकशी करायची नसते. पोट साफ होतं का, एवढंच.

सेर्विसिओ म्हणजे सेवा. 'लोस सेर्विसिओस' अनेकवचनात आलं की स्पेनमध्ये त्याचा अर्थ बारमधलं, हॉटेलातलं, स्टेशनातलं स्वच्छतागृह. माद्रिदकडचा माणूस मधला 'सि' दातांत जीभ धरून 'थि'सारखा म्हणतो आणि 'व'चा 'ब' करतो, त्यामुळे कानावर 'सेर्बिथिओस' पडतं. घाबरू नका, शब्द तोच. फरक लक्षात ठेवायचा तो इतकाच: बान्यो घरातही असतो आणि बाहेरही, सेर्विसिओस मात्र बाहेरचेच. स्पेनमध्ये कुणाच्या घरी जेवायला गेलात आणि यजमानीण बाईंना 'सेर्विसिओस कुठे?' विचारलंत तर त्या हसून दाखवतील, पण त्यांच्या घराचं तुम्ही बसस्टँड केलेलं असेल.

अटलांटिक ओलांडला की चित्र बदलतं. मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना सगळीकडे बोलताना बान्योच. तिकडे 'बान्यो दे सेर्विसिओ' असाही शब्द आहे, पण त्याचा अर्थ मोठ्या घरात घरकामाच्या बाईंसाठी ठेवलेलं वेगळं बाथरूम. मेक्सिकोत पाटीवर 'सानितारिओस' दिसेल, पण विचारताना माणसं बान्योच म्हणतात. पेरूमध्ये मात्र पाटीवर सेर्विसिओ परत येतो, तोही चमत्कारिक रूपात: दोनदा एस, दोनदा एच. हे 'सेर्विसिओस इखिएनिकोस'चं लघुरूप. स्पॅनिशमध्ये अनेकवचनाचं लघुरूप करताना अक्षर दोनदा लिहायची पद्धत आहे, त्यातलं हे. पुरुषांसाठीचा 'ओम्ब्रेस' हा शब्दही एचनेच लिहितात, पण इथे एच दिसला म्हणून फक्त पुरुषांचं समजून बायकांनी मागे फिरायचं कारण नाही.

मग पाठ काय करायचं? माझ्या मते बोलायला बान्यो, वाचायला बाकीचे सगळे. बान्यो कुठेही खपतो, स्पेनमध्येसुद्धा. जाता जाता 'आसेओ'चं सांगतो: स्पेनमध्ये घर भाड्याने शोधताना जाहिरातीत 'एक बान्यो, एक आसेओ' असं लिहिलेलं असेल तर दोन बाथरूम मिळाली म्हणून हुरळू नका. आसेओ म्हणजे बहुधा कमोड आणि बेसिन, बस. 'इनोदोरो' म्हणजे नुसतं भांडं. शब्दशः 'वास नसलेलं', हा आशावादच म्हणायचा. आणि स्पेनमधला 'बातेर' म्हणजे इंग्रजी वॉटर-क्लोजेटमधल्या वॉटरची स्पॅनिश तोंडात झालेली अवस्था.

आता वाक्याकडे. मराठीचं 'आहे' फार उदार आहे. 'बाथरूम कुठे आहे' आणि 'इथे जवळपास बाथरूम आहे का' दोन्हीकडे तेच चालतं. स्पॅनिशमध्ये नाही. बार तुमच्यासमोर आहे, आत बाथरूम असणारच हे तुम्ही धरून चालला आहात, तर 'दोंदे एस्ता एल बान्यो?'. सेर्विसिओस अनेकवचनी, म्हणून 'दोंदे एस्तान लोस सेर्विसिओस?'. पण रस्त्यावर उभे आहात आणि असेल की नाही हेच माहीत नाही, तर 'आय उन बान्यो पोर आकी?'. गावाकडे आईला हाक मारावी तसा तो 'आय' उच्चारायचा. घाईत 'नेसेसितो उन बान्यो' एवढंच म्हणालात तर 'मला आंघोळीची गरज आहे' असंही ऐकू येऊ शकतं, आणि दिवसभर उन्हात भटकलेल्या माणसाबद्दल ते कुणालाही पटेल. 'नेसेसितो इर आल बान्यो' म्हणा, मला बाथरूमला जायचंय. मेक्सिको-कोलंबियात दुकानदाराला किंवा ओळखीच्यांना विचारायची एक गोड रीत आहे: 'मे प्रेस्ता एल बान्यो?' शब्दशः, 'तुमचं बाथरूम जरा उसनं देता का?'

उत्तर काय मिळतं ते समजणं जास्त अवघड. स्पेनमधल्या कुठल्याही बारमध्ये काउंटरमागचा माणूस कप पुसता पुसता, मान वर न करता म्हणतो: 'आल फोंदो, आ ला देरेचा.' मागे, उजवीकडे. जगातली सगळी बाथरूमं मागे उजवीकडेच असतात असा त्यांच्यात विनोदच आहे. आपल्याकडे 'परसाकडे जाऊन येतो' म्हणायचे ते आठवतं. तेही घराच्या मागेच. घोटाळा होतो तो 'देरेचा' आणि 'देरेचो'त. 'आ ला देरेचा' म्हणजे उजवीकडे, 'तोदो देरेचो' म्हणजे सरळ. मालवणीतला 'माझो' पुण्यात 'माझा' होतो तरी अर्थ तोच राहतो. इथे चो आणि चा यांच्यात अख्खं एक वळण आहे. 'सरळ' ऐकून उजवीकडे वळलात तर भटारखान्यात शिराल.

दारापाशी पोचलात तरी सुटका नाही. इंग्रजीची सवय असलेला आपला डोळा 'एम' दिसला की 'मेन' वाचतो. स्पॅनिशमध्ये तो 'मुखेरेस', म्हणजे बायका. पुरुष 'ओम्ब्रेस', लिहिताना सुरुवातीला एच, उच्चारताना गायब. काही ठिकाणी 'काबायेरोस' आणि 'दामास' अशी खानदानी जोडी असते, तिथे सी पुरुषांचा. सगळ्यात वाईट 'सेन्योरेस' आणि 'सेन्योरास': अंधाऱ्या बोळात एका स्वराच्या भरवशावर दार ढकलायचं.

आत गेल्यावर स्पेनमधल्या बारात बऱ्याचदा दिवा आपोआप विझतो, वीज वाचवायला. बसल्या जागी हात हलवले की कधी परत लागतो, कधी उठून बटण शोधावं लागतं. बाहेरून कुणी टकटक केलं तर 'ओकुपादो!' ओरडायचं. मेक्सिकोत बाजारातल्या आणि बसस्टँडच्या बान्योला दारात पैसे द्यायचे, बदल्यात कागदाची छोटी घडी मिळते. तो कागद भांड्यात नाही, बाजूच्या डब्यात टाकायचा, तशी पाटीच असते. आपल्या लोकांना खरी उणीव भासते पाण्याची. अर्जेंटिनात मात्र घरोघरी 'बिदे', म्हणजे कमोडशेजारचं पाण्याने धुवायचं बुटकं बेसिन, असतो, तिथे जिवात जीव येतो.

आणि बेसिनच्या नळावर सी असेल तर तो 'कोल्ड'चा नाही, 'कालिएंते'चा, म्हणजे गरम. थंड पाण्याचा 'एफ', 'फ्रिया'. शॉवरखाली उभं राहण्याआधी नुसता हात पुढे करून बघा.