चेंडू उजवीकडे का पळतो? स्लाइसमागचा जुना गैरसमज

संक्रांत झाली, तुरीची सोंगणी आटोपली की आमच्या गावाबाहेरचं एक वावर मोकळं होतं. नागपूरकडच्या गोल्फ मैदानावर कॅडीचं, म्हणजे खेळाडूंचं सामान वाहण्याचं, काम करणारी गावातली तीन-चार पोरं सुट्टीत सात नंबरचा जुना आयर्न (चेंडू मारायची काठी, म्हणजे क्लब) आणि घासलेले चेंडू घेऊन तिथे उतरतात. नेम असतो धुऱ्यावरच्या बाभळीवर. चेंडू मात्र हवेत उजवीकडे वळून (यालाच स्लाइस म्हणतात) शेजारच्या हरभऱ्यात पडतो, नाहीतर काळ्या मातीच्या भेगेत जातो आणि काडीने उकरून काढावा लागतो. "मी तं सिधाच मारतो न दादा, बॉलच उजवीकडं पयते," एकजण अगदी कळवळून म्हणाला. डावीकडे नेम धर, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तसं केल्यावर चेंडू आणखीच वळायला लागला.

हा सल्ला त्याच्याआधी कित्येक पिढ्यांना मिळालेला आहे.

तिरप्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वाकडा जातो, हे न्यूटनने १६७२ सालीच एका पत्रात नोंदवलं होतं. फिरणाऱ्या गोळ्यावर हवा बाजूने जोर लावते, हे जर्मन शास्त्रज्ञ मॅग्नस यांनी १८५२च्या सुमारास प्रयोगाने दाखवलं. गोल्फच्या चेंडूचा खरा पिच्छा पुरवला तो एडिनबरोचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी, १८९०च्या दशकात. त्यांनी चेंडूला लांब फीत बांधली, तो जवळच्याच चिकणमातीत मारायला लावला आणि फितीला पडलेले पीळ मोजले. एवढ्या साध्या युक्तीने चेंडू सेकंदाला किती गिरक्या घेतो ते कळलं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण तो आपल्या वावरातही करता येईल. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट १८९६ आणि १८९८ साली ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकला.

चेंडू गिरकीमुळे वळतो, एवढं तर समजलं होतं. पण तो निघतो कोणत्या दिशेने? इथे शिकवणाऱ्यांची मोठी गफलत झाली. क्लब ज्या वाटेने फिरतो त्याच वाटेने चेंडू निघतो आणि मग क्लबचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, जिकडे असेल तिकडे वळतो, असं कित्येक वर्षं शिकवलं गेलं. प्रत्यक्षात क्लब आणि चेंडूची गाठ सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागाइतकी असते आणि त्या क्षणी चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः तोंडच ठरवतं. लांब फटक्याच्या ड्रायव्हर या क्लबने मारताना तर साधारण ८५ टक्के. वाट आणि तोंड यांच्यात जेवढी फारकत, तेवढं वळण जास्त. नेब्रास्काचे भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर जॉर्गेनसेन यांनी १९९०च्या दशकात याची भूमिती मांडली. पुढे ट्रॅकमॅनसारख्या रडार यंत्रांनी प्रत्येक फटक्याचे आकडे समोर ठेवले, तेव्हा कुठे शिकवणं बदललं.

आता त्या पोराचं बघा. डावीकडे नेम धरला की खांदे डावीकडे वळतात, क्लब आणखी डावीकडे ओढला जातो. तोंड मात्र बाभळीकडेच उघडं. फारकत वाढली, वळणही वाढलं. यात त्या पोराचा काही दोष नव्हता.

अमेरिकेचे नामवंत गोल्फपटू बेन होगन यांचं दुखणं याच्या उलट होतं. त्यांचा चेंडू हवेत डावीकडे वळायचा, म्हणजे हुक व्हायचा. त्यांनी डाव्या हाताची पकड डावीकडे फिरवून सैल नव्हे, पण 'वीक' केली, म्हणजे तोंड लवकर बंद होईना, डावीकडे वळेना. १९५३ साली त्यांनी तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या. त्यांचं ऐकून स्लाइसवाल्यांनी तशीच पकड धरली तर नुकसानच होतं; ज्याचा आजार हुक, त्याचंच ते औषध.

म्हणून परवा आम्ही आधी पकड बघितली. त्या पोराला वरून बघताना डाव्या मुठीचं एकच हाड दिसत होतं. हात उजवीकडे फिरवून अडीच दिसतील असा ठेवला. मग दोन तुराट्या जमिनीवर टाकल्या, एक पावलांसमोर, दुसरी चेंडूच्या पलीकडे, दोन्ही बाभळीच्या रोखाने. पहिले पाच-सहा चेंडू सरळ डावीकडे गेले. पोरगं हिरमुसलं. पण एकही वळला नव्हता. तोंड आणि वाट जुळली होती. आता फक्त वाट बाभळीकडे आणायची राहिली होती. दुसऱ्या तुराटीला क्लब लागू न देता मार, असं सांगून मी चेंडू गोळा करायला हरभऱ्याकडे वळलो. तिकडे एकही नव्हता.