माजी आमदारांची पेन्शन आली कुठून?

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचा निकाल लागला आणि कोल्हापूर जिल्ह्यातले काही विद्यमान आमदार पडले. गुलाल कुणाच्या अंगावर, कुणी कुणाचं काम केलं नाही, याची चर्चा पेठापेठांत आठवडाभर रंगली. पण पडलेल्यांच्या नावामागे 'माजी' लागलं की त्यांना सरकारी तिजोरीतून आयुष्यभराची पेन्शन लागू होते, याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. २०१६ च्या दुरुस्तीनुसार पाच वर्षांची एक टर्म केलेल्या माजी सदस्याला महिना ५० हजार रुपये मिळतात. त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला दोन हजारांची भर पडते. म्हणजे तीन टर्म केलेल्याला ७० हजार.

लोकप्रतिनिधीला पेन्शन देणंच चूक, असं माझं म्हणणं नाही. ती सुरू झाली तेव्हा तिच्यामागे पटण्यासारखं कारण होतं. ते कारण सुटलं आणि रक्कम तेवढी वाढत गेली, हे माझं दुखणं आहे. हे कसं घडलं ते समजून घ्यायचं तर मागे जावं लागतं. कोल्हापूरकराला तर कायद्याच्याही बरंच मागे जाता येतं.

छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानातली कुलकर्णी वतनं, म्हणजे वंशपरंपरेने चालणारी गावकारभाराची हक्काची पदं, बंद केली आणि गावचं दप्तर पगारी तलाठ्यांच्या हाती दिलं. महार वतनंही त्याच वर्षी गेली. दोन्ही निर्णयांची कारणं वेगळी होती आणि त्यांत जातीच्या जाचाचा प्रश्न सर्वांत मोठा होता. पण कारभाराच्या अंगाने त्यातून एक तत्त्व रुजलं: सरकारी काम करणाऱ्याला त्या कामाचा मोबदला रोख मिळावा, पूर्वी कुणीतरी केलेल्या सेवेपोटी पिढ्यान्‌पिढ्या काही चालू राहू नये. विधिमंडळाच्या पेन्शनकडे बघताना मला हे १९१८ साल वारंवार आठवतं.

गेलेल्या सत्तेपोटी पैसे देण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाला वर्षाला आठ लाखांची पेन्शन देऊन बिठूरला धाडलं. पुढे ती नानासाहेबांना नाकारली गेली, त्याचे परिणाम सगळ्यांना ठाऊक आहेत. स्वतंत्र भारतातही विलीन झालेल्या संस्थानिकांना तनखे मिळाले. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. तनख्यांची हमी थेट राज्यघटनेत, कलम २९१ मध्ये होती. ती काढण्याचा पहिला प्रयत्न १९७० मध्ये राज्यसभेत अगदी थोडक्यात फसला. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली, तर तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. अखेर डिसेंबर १९७१ मध्ये २६ वी घटनादुरुस्ती झाली आणि तनखे संपले. समतेवर उभ्या असलेल्या लोकशाहीत कामाशी संबंध नसलेल्या अशा विशेष रकमांना जागा नाही, ही त्यामागची भूमिका होती.

त्यानंतर वर्ष उलटायच्या आत, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन योजना आणली. कोल्हापुरात ती घरोघरी ओळखीची झाली. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या प्रजा परिषदेत माधवराव बागल, रत्नाप्पाण्णा कुंभार यांच्याबरोबर लढलेली कितीतरी माणसं इथल्या गावांत होती. त्यांतल्या अनेकांनी तरुणपण तुरुंगात किंवा भूमिगत राहून काढलं होतं, म्हातारपणासाठी गाठीला काही नव्हतं. या योजनेला सुरुवातीला उत्पन्नाची अट होती: ज्याचं वार्षिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत, त्यालाच पेन्शन. १९८० मध्ये ती अट उठली आणि पेन्शन सन्मान म्हणून सर्वांना मिळू लागली. पण सुरुवातीला सरकारने 'याला गरज आहे का?' हा प्रश्न विचारला होता, आणि तोही देशासाठी तुरुंगात गेलेल्यांना. आमदार-खासदारांच्या बाबतीत हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही.

आमदार-खासदारांना सुरुवातीला फार मिळत नसे, हेही खरं. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली तेव्हा मंत्र्यांनी महिना ५०० रुपयेच पगार घेतला. १९५४ च्या कायद्याने खासदाराला महिना ४०० रुपये पगार आणि अधिवेशनाच्या दिवसांत रोजचा २१ रुपये भत्ता ठरला. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यातून त्या काळी शेतकरी कामगार पक्षाचे, समाजवादी, कम्युनिस्ट कार्यकर्ते विधिमंडळात गेले. शेतसाऱ्याच्या, दुष्काळाच्या मोर्चांतून पुढे आलेली ही माणसं. निवडणूक हरली की त्यांचं उत्पन्न संपायचं, आणि वकिली किंवा शेती मागे नसेल तर घर चालवणं अवघड व्हायचं. गरीब घरातल्या माणसाला राजकारण परवडावं, पैशाच्या विवंचनेपायी त्याने कुणाचं मिंधं होऊ नये, हा पेन्शनमागचा विचार. तो मला आजही योग्य वाटतो.

त्याला कायद्याचं रूप मिळालं ते १९७६ मध्ये. सप्टेंबर १९७६ पासून माजी खासदारांना पेन्शन सुरू झाली: पाच वर्षं पूर्ण केलेल्याला महिना ३०० रुपये, पुढच्या प्रत्येक वर्षाला ५० रुपये, आणि कमाल मर्यादा ५०० रुपये. महाराष्ट्राचा विधिमंडळ सदस्य निवृत्तिवेतन अधिनियमही १९७६ चाच. तेव्हा देशात आणीबाणी होती, विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात होते, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. ज्या काळात संसदेत मोकळी चर्चा होणं शक्य नव्हतं, त्याच काळात ही तरतूद आली. पुढे मोकळी चर्चा करायला जवळजवळ पाच दशकं मिळाली, तरी ती झालीच नाही, हे त्याहून वाईट.

मूळ कायद्यात तीन लगामं होती: किमान पाच वर्षांची सेवा, छोटी रक्कम आणि वरची मर्यादा. खासदारांच्या बाबतीत ती एकेक करून सुटली. किमान कार्यकाळाची अट गेली, आता कितीही काळ सदस्य राहिलेली व्यक्ती पात्र ठरते. कमाल मर्यादाही गेली. रक्कम २००६ मध्ये ८ हजार, २०१० मध्ये २० हजार, २०१८ मध्ये २५ हजार झाली. २०१८ मध्येच महागाईशी जोडून दर पाच वर्षांनी आपोआप वाढ करण्याची सोय कायद्यात घातली गेली. त्यानुसार मार्च २०२५ मध्ये अधिसूचना निघाली आणि १ एप्रिल २०२३ पासून मागच्या तारखेने पेन्शन ३१ हजार रुपये झाली, जादा प्रत्येक वर्षाला अडीच हजार. आमदारकी आणि खासदारकी दोन्ही भोगलेला माणूस निवृत्तीनंतर दोन्ही पेन्शनी घेऊ शकतो.

महाराष्ट्राने तर रकमेत दिल्लीलाही मागे टाकलं. २०१३ मध्ये पेन्शन २५ हजारांवरून ४० हजार झाली. तीन वर्षांनी, ५ ऑगस्ट २०१६ रोजी, ४० चे ५० हजार झाले. त्याच विधेयकाने आमदारांचं दरमहाचं वेतन ७५ हजारांवरून दीड लाखाच्या वर गेलं. त्या वर्षीचा उन्हाळा आठवा. एप्रिलमध्ये आपल्या शेजारच्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी जात होतं. राज्य कर्जात आहे, शेतकऱ्याला देण्यासाठी पैसा नाही, हे सरकार स्वतःच सांगत होतं. आणि पावसाळी अधिवेशनात हे विधेयक चर्चेविना, काही मिनिटांत मंजूर झालं. ज्या सभागृहात इतर वेळी एका शब्दावरून कामकाज तहकूब होतं, तिथे सत्ताधारी आणि विरोधक एका सुरात 'होय' म्हणाले. 'होयचे बहुमत' असं पीठासीन अधिकाऱ्यांनी जाहीर केलं की संपलं. ज्यांना लाभ मिळणार, तेच मत देणार आणि तेच रक्कम ठरवणार, हा यातला मूळ दोष आहे. रक्कम ५० हजार असो वा ५ हजार, तो दोष तसाच राहतो.

आता याच वर्षांत बाकीच्यांच्या पेन्शनचं काय झालं ते पाहू. १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र सरकारच्या सेवेत आलेल्या शिक्षक, लिपिक, परिचारिका, तलाठी यांची जुनी पेन्शन बंद झाली. त्याऐवजी पगारातून १० टक्के कापून बाजारात गुंतवायची योजना आली. शेवटी किती मिळेल, याची हमी नाही. पेन्शनचा बोजा राज्याला झेपणार नाही, हे कारण दिलं गेलं. ज्या विधिमंडळाने हे कारण मान्य केलं, त्याच विधिमंडळाने नंतर स्वतःची पेन्शन निदान दोनदा वाढवली, आणि तिच्यासाठी सदस्याच्या पगारातून एक रुपयाही कापला जात नाही. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभरातले कर्मचारी संपावर गेले, तेव्हा कोल्हापुरातल्या कचेऱ्याही ओस पडल्या. त्या आंदोलनात आमदारांच्या पेन्शनचा दाखला वारंवार दिला जात होता. संप सात दिवस चालला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने आणि पाठोपाठ राज्याने एकीकृत पेन्शन योजना मान्य केली, तीही कर्मचाऱ्याच्या वर्गणीवर उभी आहे.

सरकारी नोकरांना निदान संपाची ताकद आहे. साखर कारखान्यातून, सूतगिरणीतून, एसटीतून निवृत्त झालेल्यांना ती नाही. आपल्या जिल्ह्यात अशी घरं गावोगाव आहेत. त्यांना १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून पैसे मिळतात. तिचा हिशेब असा: सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पण पगार कितीही असला तरी ऑगस्ट २०१४ पर्यंत हिशेबाला ६,५०० रुपयेच धरले जायचे. म्हणजे २०१३ च्या अखेरीस निवृत्त झालेल्या, कारखान्यात रस आटवून साखर काढणाऱ्या पॅनमनची १९९५ नंतरची १८ वर्षं धरली तर ६,५०० गुणिले १८ भागिले ७० बरोबर १,६७१ रुपये. १९९५ च्या आधीच्या नोकरीचे थोडेफार वर. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये ठरली. तेव्हापासून निवृत्तांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, तरी किमान रक्कम वर्षानुवर्षं हललेली नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ही माणसं जातात तेव्हा आयुष्यभर उष्णतेत आणि यंत्रावर काम करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र अंगठा घेत नाही. ओला कपडा आणून बोट पुसायचं, पुन्हा ठेवायचं, मग दुसरं बोट. हे सगळं दीड-दोन हजारांसाठी. संजय गांधी निराधार योजनेतल्या विधवेला तर २०२३ च्या वाढीनंतर महिना १,५०० रुपये मिळू लागले, आणि त्यासाठी तिला उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो.

राज्याच्या अर्थसंकल्पापुढे माजी आमदारांची पेन्शन किरकोळ आहे, असं नेहमी सांगितलं जातं. साधा हिशेब करू. किमान दराने दर शंभर माजी सदस्यांमागे महिन्याला ५० लाख, वर्षाला ६ कोटी रुपये लागतात. सदस्याच्या मृत्यूनंतर जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, ते वेगळं. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ सदस्य आहेत, आणि दर निवडणुकीला यादीत भर पडते. यातून राज्य दिवाळखोरीत जाणार नाही, हे मान्य. पण 'झेपत नाही' हे कारण पॅनमनला आणि शिक्षकाला सांगायचं असेल, तर ते आधी स्वतःला लावून दाखवायला हवं.

एक विसंगती लोकप्रतिनिधींमध्येही आहे. कोल्हापूर नगरपालिकेची महापालिका झाली १९७२ मध्ये. तेव्हापासून कितीतरी नगरसेवक आले-गेले. त्यांना पदावर असेपर्यंत मानधन असतं, पेन्शन नाही. सरपंच, जिल्हा परिषद सदस्य यांनाही नाही. गटारीपासून दाखल्यापर्यंत लोकांची रोजची कामं अंगावर घेणाऱ्यांचं काम पदासोबत संपतं, असं कायदा धरून चालतो. विधिमंडळ आणि संसदेच्या सदस्यांनाच वेगळा नियम का, याचं समाधानकारक उत्तर मला कुठे सापडलेलं नाही.

न्यायालयात हा विषय जाऊन आला आहे. घटनेच्या कलम १०६ आणि १९५ मध्ये सदस्यांच्या 'वेतन व भत्त्यां'चा उल्लेख आहे, पेन्शनचा नाही, या मुद्द्यावर लोकप्रहरी संस्थेने याचिका केली होती. एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. असा कायदा करण्याचा अधिकार कायदेमंडळाला आहे, असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा बदल व्हायचा तर तो सभागृहातूनच व्हायला हवा.

आणि तसा तो इतरत्र झाला आहे. गुजरातमध्ये माजी आमदारांना पेन्शनच नाही. पंजाबात प्रत्येक टर्मची वेगळी पेन्शन जोडली जायची, त्यामुळे काहींची रक्कम महिना तीन लाखांच्याही वर गेली होती. २०२२ मध्ये तिथे 'एक आमदार, एक पेन्शन' कायदा झाला: कितीही टर्म झाल्या तरी एकच, ६० हजार आणि त्यावर महागाई भत्ता. हिमाचल विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्यांची पेन्शन बंद करण्याचं विधेयक मंजूर केलं. ब्रिटनमध्ये खासदारांची पेन्शन १९६५ पासून वर्गणीवर चालते, आणि त्यांचा पगार आता स्वतंत्र संस्था ठरवते.

महाराष्ट्रात उत्पन्नाची अट घालायची, सदस्यांकडून वर्गणी घ्यायची किंवा वाढ ठरवायला बाहेरची समिती नेमायची, तर १९७६ च्या अधिनियमात साधी दुरुस्ती पुरते. घटनादुरुस्तीची गरज नाही, दोन तृतीयांश बहुमताचीही नाही. मंत्री नसलेल्या सदस्यालाही अशासकीय विधेयक म्हणून ती मांडता येते. कोल्हापूर जिल्ह्यातून दहा आमदार विधानसभेत बसतात. पुढच्या अधिवेशनाआधी त्यांच्या संपर्क कार्यालयात जाऊन, असं विधेयक मांडणार का, हे विचारायला हवं, आणि उत्तर लेखी मागायला हवं.