किडनीचे रुग्ण मोजताना: निदानाचा कोड की क्रिएटिनिनचा आकडा?

एखाद्या शहरात किडनीच्या दीर्घ आजाराचे इतके टक्के रुग्ण आहेत असं वाचलं, की आधी विचारावं: कशावरून मोजले? दवाखाने आणि लॅब यांच्या एकमेकांशी जोडलेल्या आरोग्य-नोंदींतून हा आकडा दोन वाटांनी निघतो आणि बातमीत दोन्हींना नाव एकच असतं.

पहिली वाट निदानाची. आयसीडी-१० या जागतिक यादीत या आजाराचा कोड आहे एन१८. तो ज्यांच्या फाइलवर पडलाय, ती माणसं मोजायची. दुसरी वाट लॅबची. रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, किडनीने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ), वय आणि लिंग यांवरून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते याचा अंदाज, काढायचा. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली असेल तर माणूस रुग्ण, मग डॉक्टरने काही लिहिलेलं असो वा नसो.

फरक किती पडतो ते स्टॉकहोममध्ये दिसलं. स्वीडनमध्ये १९४७ पासून रहिवाशांना व्यक्तिगत क्रमांक मिळतो. दवाखान्यातली भेट, रक्ततपासणी, औषधं, मृत्यू, सगळं त्याच क्रमांकावर चढतं; ओळख पुसून या नोंदी संशोधकांच्या हाती येतात. कॅरोलिन्स्का संस्थेच्या ‘स्क्रीम’ प्रकल्पात अशा ११ लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदी तपासल्या. लॅबच्या हिशोबाने साधारण ६ टक्के लोकांना आजार होता. त्यांतल्या जेमतेम १२ टक्क्यांच्या फाइलवर निदानाचा कोड होता. म्हणजे नुसते कोड मोजले असते, तर दहातले जवळपास नऊ जण सुटले असते!

म्हणून लॅबचा आकडा खरा मानायचा? माझा कल तिकडेच आहे, पण डोळे मिटून नाही. समजा, एका माणसाला जुलाबामुळे दवाखान्यात दाखल केलं. अंगातलं पाणी कमी झालेलं, ईजीएफआर ४१. पंधरा दिवसांनी तोच ७८. हा किडनीला बसलेला तात्पुरता फटका, दीर्घ आजार नव्हे. तीन महिन्यांची अट अशांना वगळण्यासाठीच आहे. पण ज्याची पहिली तपासणी ५२ आली आणि दुसरी कधी झालीच नाही, त्याचं काय करायचं? कोणी त्याला धरतात, कोणी सोडतात, आणि तेवढ्यानेही टक्केवारी हलते. शिवाय तपासणी मुळात होते कुणाची? वयस्कांची, मधुमेह-रक्तदाबवाल्यांची. धडधाकट तिशीतला माणूस नोंदीत येतच नाही. त्यामुळे भागाकार तपासलेल्यांच्या संख्येने केला की सगळ्या लोकसंख्येने, हेही बघावं लागतं.

क्रिएटिनिनवरून ईजीएफआर काढायच्या सूत्राचं तर विचारूच नका. २००९ चं सीकेडी-ईपीआय सूत्र बदलून २०२१ मध्ये वंशाचा घटक काढलेलं नवं सूत्र आलं. त्याने गोऱ्या युरोपीय लोकांचा ईजीएफआर थोडा वर जातो. रक्त तेच, माणूस तोच, पण रुग्ण कमी!

कोड मात्र निरुपयोगी नाही. आजार किती आहे हे त्याला विचारू नये. डॉक्टरांच्या लक्षात किती आला, हे विचारावं. लॅब आणि कोड यांतली दरी हीच तिथली खरी बातमी. आणि एका गटात दोन्ही वाटा कमी पडतात: ईजीएफआर ठीक, पण लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन जातंय. व्याख्येप्रमाणे तोही दीर्घ आजारच, पण लघवीची ही तपासणी रक्ताच्या मानाने फार कमी लिहून दिली जाते.

आपल्याकडे आरोग्य-नोंदी जोडण्यासाठी ‘आभा’ क्रमांक आला आहे, पण खासगी लॅबचा रिपोर्ट अजूनही बहुतेकदा रुग्णाच्या व्हॉट्सॲपवर नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत असतो. म्हणून इथले अंदाज मुख्यतः सर्वेक्षणांवर उभे आहेत. सर्वेक्षणात तपासणी होते ती बहुधा एकदाच, म्हणजे तीन महिन्यांची अट तिथे पहिल्या पायरीलाच गळते.